हाडे मोडणे म्हणजे कौशल्य नव्हे

‘यंत्राने माणसाचे कसब गिळले’ हे वाक्य आपल्या मंडळाच्या बैठकींत गेली काही वर्षे इतक्या वेळा कानी पडते की त्यास आता सुभाषिताची कळा आली आहे. त्याच्या पुष्ट्यर्थ कोणी छायाचित्रणाचा दाखला देतो, कोणी हस्ताक्षराचा. परंतु सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीजवळच्या बुद्ध आंतरराष्ट्रीय मार्गावर मोटोजीपीची शर्यत झाली, घरोघरची नातवंडे दूरचित्रवाणीसमोर ठाण मांडून बसली, आणि तेव्हापासून एक नवाच दाखला रूढ झाला. तो असा की, पूर्वी शर्यतीची मोटरसायकल माणूस चालवीत असे, आता संगणक चालवतो. स्वार नुसता वर बसून मूठ पिळतो. ज्येष्ठ मंडळी हे अशा काही खात्रीने सांगतात की समोरचा नातू निरुत्तर होतो. प्रस्तुत लेख त्या नातवाच्या बाजूने आहे. निदान निम्म्याहून अधिक.

ज्या ‘पूर्वी’चा हा गौरव चालतो ते कसे होते, हे आधी पाहिले पाहिजे. २००१ पर्यंत या खेळाचा सर्वोच्च वर्ग म्हणजे ५०० सी.सी.च्या टू-स्ट्रोक गाड्या. वजन सुमारे १३० किलो, म्हणजे आपल्या परिचयाच्या बुलेटपेक्षा कितीतरी हलके. आणि शक्ती दीडशे अश्वशक्तीहून अधिक, म्हणजे जुन्या बुलेटच्या आठ-नऊ पट. बरे, ही शक्ती सरळ चढत्या क्रमाने मिळावी तर तसेही नाही. इंजिनाचे फेरे ठरावीक मर्यादेपर्यंत पोचेतो गाडी निमूट असे, आणि ती मर्यादा ओलांडताच सारा जोर एकदम मागच्या चाकावर येऊन आदळे. गाडी वळणात कललेली असताना हे घडले म्हणजे चाक बाहेर घसरते. घाबरून स्वाराने मूठ सोडली की तेच चाक पुन्हा रस्ता पकडते, घसरण क्षणात थांबते, आणि घसरणीत साठलेला सगळा जोर गाडीला उलट्या बाजूने उसळवून स्वाराला हवेत भिरकावतो. यालाच हायसाइड म्हणतात. स्वार जमिनीवर येतो तेव्हा प्रथम काय टेकते, खांदा, मनगट की मान, हे त्याच्या हातात उरलेले नसते.

५ सप्टेंबर १९९३ रोजी इटलीतील मिसानो येथे वेन रेनी हा अमेरिकन स्वार शर्यतीत आघाडीवर होता आणि त्या वर्षीच्या गुणतक्त्यातही. लागोपाठ तीन जगज्जेतेपदे त्याच्या नावावर होती. एका वळणावर मागचे चाक निसटले, तो फेकला गेला, आणि छातीखालचे शरीर कायमचे निकामी झाले. त्या वर्षीचे जगज्जेतेपद त्याचा प्रतिस्पर्धी केव्हिन श्वांट्झ याला मिळाले. श्वांट्झनेही मनगटाच्या जुन्या दुखापतींनी जेरीस येऊन १९९५ मध्ये निवृत्ती पत्करली. त्याआधी, १९९२ मध्ये, नेदरलँड्समधील आसेन येथे मिक डूहान या ऑस्ट्रेलियन स्वाराचा उजवा पाय मोडला. उपचार बिघडत गेले, पाय कापण्याची वेळ आली. तेव्हा डॉक्टर क्लाउदिओ कोस्ता यांनी रक्तपुरवठा टिकावा म्हणून त्याचे दोन्ही पाय काही दिवस एकमेकांना शिवून ठेवले. वाचकांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे. तेवढ्यावर तो हंगाम संपण्याआधी परतला आणि जगज्जेतेपद अवघ्या चार गुणांनी हुकला.

आता हे सारे सांगितले की आमचे मित्र म्हणतात, ‘पाहा! असे होते तेव्हाचे पुरुष!’ येथेच माझा त्यांच्याशी मूळ मतभेद आहे. डूहान थोर होता तो पाय मोडून घेतल्यामुळे नव्हे. पुढे १९९४ ते १९९८ अशी सलग पाच वर्षे तो जगज्जेता झाला, ते त्याच्या हाताच्या जाणिवेमुळे. मागच्या ब्रेकवर उजवा पाय नीट चालेना म्हणून डाव्या मुठीशी अंगठ्याने दाबायचा ब्रेक बसवून घेणारी त्याची बुद्धीही त्यात होती. (तो अंगठ्याचा ब्रेक आज धडधाकट पायांचे स्वारही आवर्जून वापरतात. मोडलेल्या हाडातून निघालेले ते ‘साह्य’. त्यावर मात्र कोणाचा आक्षेप ऐकलेला नाही.)

ग्वाल्हेरच्या मेळ्यात ‘मौत का कुआँ’ पाहिलेली पिढी आपल्यात अजून आहे. फळ्यांच्या उभ्या भिंतीवर गरगरणाऱ्या त्या स्वाराला वरच्या कठड्यावरून नोटा दाखवणारे हात आठवून पाहा. तो हात सोडून गाडी चालवी, डोळ्यांवर पट्टी बांधी, तेव्हा नोटा वाढत. गाडीचा तोल किती बारकाईने सांभाळला जात आहे, याचा हिशेब वर उभ्या असलेल्या कोणाला होता? आपण भीतीचे पैसे मोजत होतो आणि त्यालाच कौशल्याची कदर म्हणत होतो. ‘पूर्वीचे स्वार खरे’ या उद्गारात मला तोच कठडा दिसतो. पडण्याची शक्यता कमी झाली म्हणून ज्याचा रस कमी होतो, त्याने कौशल्याच्या नावाने गळा काढू नये.

शिवाय ते दिवस समजतात तितके सोवळेही नव्हते. १९९२ मध्येच होंडाने आपल्या ५०० सी.सी. इंजिनाच्या चार सिलिंडरांचे स्फोट समान अंतराने न घडवता जवळजवळ एकत्र आणले. स्फोटांचा एक झुबका, मग विसावा, मग पुन्हा झुबका. त्या विसाव्यात मागच्या टायरला रस्ता पुन्हा पकडण्याची उसंत मिळे, गाडी घसरताना आधी इशारा देई, स्वाराला सावरता येई. ‘बिग बँग’ या नावाने हे इंजिन प्रसिद्ध झाले आणि पाहता पाहता प्रतिस्पर्धी कंपन्यांनीही तीच वाट धरली. यात संगणक कोठेच नव्हता. परंतु चाकाची पकड स्वाराच्या वतीने सांभाळणे हे काम ते इंजिन करीतच होते. म्हणजे आज ज्याला ट्रॅक्शन कंट्रोल म्हणून शिव्या दिल्या जातात, त्याचे थोरले भावंड पोलादात घडवलेले होते. आणि एक गंमत: १९९७ मध्ये डूहानने आपल्यापुरते ते सोडून पुन्हा समान स्फोटांचे, अधिक दांडगे इंजिन मागून घेतले आणि १५ पैकी १२ शर्यती जिंकल्या. सर्वांना सोपे झालेले त्याला नको होते. हा दाखला आमच्या मित्रांच्या बाजूचा आहे, हे मला ठाऊक आहे. त्याकडे पुढे येतो.

२००२ पासून फोर-स्ट्रोक गाड्या आल्या आणि त्यांच्यासोबत इलेक्ट्रॉनिक साह्य झपाट्याने वाढले. दोन्ही चाकांच्या वेगातील तफावत, गाडीचा कल, मुठीची स्थिती हे सारे संवेदक मोजतात. मागचे चाक प्रमाणाबाहेर फिरू लागले की संगणक इंजिनाचा जोर कमी करतो. मूठ आता तारेने इंजिनाला जोडलेली नसते. ती एक मागणी नोंदवते, किती द्यायचे ते संगणक ठरवतो. एवढे ऐकले की ‘मग स्वार करतो काय?’ हा प्रश्न येतो. त्याचे उत्तर तर्काने देण्यापेक्षा निकालांनी द्यावे.

२००७ साली केसी स्टोनर हा एकवीस वर्षांचा ऑस्ट्रेलियन तरुण इटलीच्या डुकाटीवर बसला आणि दहा शर्यती जिंकून जगज्जेता झाला. तेव्हा जगभर हेच म्हटले गेले की, डुकाटीचा संगणक जिंकला. ठीक. मग तोच संगणक इतरांसाठी का जिंकेना? त्याच वर्षी त्याच गाडीवर त्याचा अनुभवी सहकारी कापिरोस्सी याला एकच शर्यत जिंकता आली. २००८ मध्ये मार्को मेलांद्री, जो २००५ मध्ये जगात दुसरा आला होता, त्या गाडीवर सतराव्या स्थानी राहिला. २००९ मध्ये २००६ चा जगज्जेता निकी हेडन आला, त्यालाही ती गाडी कळली नाही. शेवटी २०११ मध्ये सर्वोच्च वर्गातली सात जगज्जेतेपदे मिरवणारा व्हॅलेंटिनो रोस्सी स्वतः डुकाटीवर बसला आणि दोन पूर्ण हंगामांत एकही शर्यत जिंकू शकला नाही. आणि स्टोनर? तो त्याच २०११ मध्ये होंडावर बसून पुन्हा दहा शर्यती जिंकून जगज्जेता झाला. ऑस्ट्रेलियातील फिलिप आयलंडच्या मार्गावर मागचे चाक सरकवत तो ज्या तिसऱ्या वळणातून जाई, त्या वळणाला आज त्याचे नाव आहे. तेथील शर्यत त्याने २००७ ते २०१२ अशी सलग सहा वर्षे जिंकली. विशेष म्हणजे इलेक्ट्रॉनिक साह्य कमी करा, असे सातत्याने सांगणाऱ्यांत तोच पुढे होता. ज्याच्या विजयाचे श्रेय लोकांनी संगणकाला दिले, त्यालाच तो संगणक अडचणीचा वाटत होता!

इतके मागे जायचे नसेल तर २०२५ चा हंगाम पाहा. डुकाटीच्या अधिकृत पथकात दोघे: एक मार्क मार्केझ, दुसरा २०२२ व २०२३ चा जगज्जेता फ्रान्चेस्को बान्याया. गाडी एक, संगणक एक, अभियंत्यांचे पथक एक. मार्केझने मुख्य शर्यतींपैकी ११ जिंकल्या आणि जपानमध्ये जगज्जेतेपद निश्चित केले. बान्यायाच्या वाट्याला दोन विजय आले. संगणक गाडी चालवतो म्हणणाऱ्यांनी या नऊ विजयांचा हिशेब द्यावा.

आणखी एक गोष्ट या टीकाकारांच्या गावीही नसते. आपल्याकडे रस्त्यावरच्या १२५ सी.सी.हून मोठ्या दुचाकींना एप्रिल २०१९ पासून ए.बी.एस. सक्तीचे आहे, म्हणजे करकचून ब्रेक दाबला तरी चाक जाम होत नाही. मोटोजीपीत हे ए.बी.एस. निषिद्ध आहे. २०२३ मध्ये इटलीतील मुजेल्लो येथे ब्रॅड बाइंडरच्या गाडीने ताशी ३६६.१ किलोमीटर वेग नोंदवला. त्या सरळ पट्ट्याच्या टोकाशी वळण आहे आणि तेथे स्वाराला साडेतीनशेच्या आसपासचा वेग शंभराखाली आणावा लागतो. मागचे चाक जमिनीवरून उचलले जाण्याच्या बेतात, पुढचा टायर चेपलेला, आणि ब्रेकच्या लिव्हरवर दोन बोटे. त्या बोटांच्या आणि जमिनीच्या मध्ये संगणक नसतो. बहुतेक ओलांडाओलांडी नेमकी तेथेच होते.

आपल्या वाचकांना अधिक जवळचे उदाहरण हवे असेल तर गाण्याचे घ्या. इलेक्ट्रॉनिक तानपुरा आला तेव्हा इंदूर-ग्वाल्हेरच्या जुन्या घरांतून किती नाके मुरडली गेली! तरी आज त्याच घरांतली मुले त्यावर पहाटे रियाज करतात आणि बेसूर लागला तर तो बेसूरच ऐकू येतो. तानपुरा तो झाकत नाही. याउलट ध्वनिमुद्रणात एक आज्ञावली असते, जी गायकाचा ढळलेला सूर पकडून जागेवर बसवते आणि श्रोत्याला कळूही देत नाही. दोन्ही साधने विजेचीच. पण एक गायकाला आधार देते, दुसरे गायकाच्या जागी गाते. तेव्हा ‘इलेक्ट्रॉनिक की मानवी’ ही विभागणीच मुळात फसवी आहे. प्रश्न विचारायचा तो हा की, हे साधन माणसाला वाचवते, की त्याच्या वतीने निर्णय घेते?

हा प्रश्न एकदा मान्य केला की मला दुसऱ्या बाजूच्या लोकांशी, म्हणजे कंपन्यांशी, तितकेच भांडावे लागते. कारण ‘सुरक्षितता’ या शब्दाच्या पांघरुणाखाली त्यांनी जे जे आत आणले त्यातले फार थोडे स्वाराच्या हाडांसाठी होते. गाडी मार्गावर नेमकी कोठे आहे हे ओळखून प्रत्येक वळणासाठी वेगळा जोर आधीच ठरवून ठेवणे, हे काम अभियंता आदल्या रात्री करतो. स्वार वळणात येतो तेव्हा त्याचा निर्णय झालेला असतो. सुटताना गाडी ढळू नये म्हणून वेगळी आज्ञावली, पुढचे चाक उचलू नये म्हणून वेगळी, इंजिनाच्या आवरण्याने मागचे चाक थरथरू नये म्हणून वेगळी. आणि २०१५ पर्यंत यातली आज्ञावली प्रत्येक कंपनीची स्वतःची, गुप्त आणि ज्याच्याकडे पैसा त्याची चांगली.

त्याचा परिणाम काय झाला? २००६ मध्ये पोर्तुगालच्या एस्तोरिल येथे टोनी एलियासने खासगी पथकाच्या गाडीवर शर्यत जिंकली, त्यानंतर जवळजवळ दहा वर्षे एकाही खासगी पथकाला विजय मिळाला नाही. २०१६ पासून संगणक आणि आज्ञावली दोन्ही सर्वांना एकच, मॅग्नेटी मारेलीची, सक्तीची झाली. ती कंपन्यांच्या स्वतःच्या आज्ञावलींहून ओबडधोबड होती. त्या एका हंगामात नऊ वेगवेगळे विजेते झाले आणि खासगी पथकांनी तीन शर्यती जिंकल्या. टायरची कंपनीही त्याच वर्षी बदलली आणि काही शर्यती पावसात झाल्या, तेव्हा सारे श्रेय एका आज्ञावलीला देणे न्यायाचे होणार नाही. परंतु कसब दडपले गेले होते ते यंत्राच्या असण्याने नव्हे, तर त्याच्या मालकीने, एवढे त्या हंगामावरून स्पष्ट दिसते.

आयुष्यातली अनेक वर्षे शासकीय परिपत्रके लिहिण्यात गेल्यामुळे एक गोष्ट मला पक्की ठाऊक आहे: नियमातला शब्द जितका नेमका, तितकी त्याशेजारची पळवाट रुंद. मोटोजीपीत इलेक्ट्रॉनिक सस्पेन्शन निषिद्ध. मग डुकाटीने काय केले? विजेला हात न लावता, दाब आणि झडपांवर चालणारी एक यंत्रणा बसवली, जी स्वाराने कळ दाबताच गाडीची मागची बाजू खाली बसवते. गाडी बुटकी झाली की पुढचे चाक उचलत नाही आणि मूठ लवकर पिळता येते. सुरुवात झाली शर्यत सुटतानाच्या क्षणापुरती. मग प्रत्येक वळणानंतर. मग सर्वच कंपन्यांनी तेच केले. यात सुरक्षितता कोणाची? यंत्रणा वेळेवर सुटली नाही तर बुटकी गाडी वळणात शिरते, म्हणजे धोका उलट वाढतो. ‘विजेचे तेवढे वाईट’ असे मानणाऱ्या आमच्या मित्रांनी या बिनविजेच्या कळीचे काय करायचे ते सांगावे. आणि त्याचवेळी २०१८ पासून सर्व स्वारांना सक्तीच्या झालेल्या हवापिशवीच्या पोशाखाचेही सांगावे. स्वार पडतो आहे हे त्यातला संगणक ओळखतो आणि शरीर जमिनीला लागण्याआधी खांदे व छातीभोवती हवा भरतो. हे तर पुरते इलेक्ट्रॉनिक. यामुळे पडण्याचे कौशल्य लोप पावले, अशी तक्रार अद्याप कोणी केल्याचे ऐकिवात नाही.

उरतो तो ट्रॅक्शन कंट्रोलचा प्रश्न, आणि तो खरोखर अवघड आहे. कारण ते वाचवतेही आणि निर्णयही घेते. ते आल्याने हायसाइड संपले असे कोणी म्हणू नये. जुलै २०२० मध्ये स्पेनच्या हेरेस येथे मार्केझ अशाच उसळीने फेकला गेला, उजव्या दंडाचे हाड मोडले आणि चार शस्त्रक्रियांत त्याची ऐन उमेदीची वर्षे गेली. उलट बाजूला ब्रिटिश सुपरबाइक स्पर्धा आहे. तेथे २०१२ पासून ट्रॅक्शन कंट्रोलला बंदी आहे, संगणक सर्वांना एकच दिला जातो आणि दोनशे अश्वशक्तीच्या आसपासच्या गाड्या माणसेच मनगटाने आवरतात. शर्यती चुरशीच्या होतात. पूर्ण बंदीचा आग्रह धरणाऱ्यांचा हा सर्वांत सबळ पुरावा आहे, आणि कंपन्या ‘याविना स्वार मरतील’ असे सांगतात तेव्हा तो त्यांच्या तोंडावर टाकावा असाच आहे.

तरीही मी पूर्ण बंदीच्या बाजूने नाही. मोटोजीपीच्या गाड्या त्याहून कितीतरी वेगवान आहेत, आणि वेग वाढला की पडल्यावरचा हिशेब त्याच प्रमाणात वाढत नाही, वर्गाच्या प्रमाणात वाढतो. माझे म्हणणे इतकेच की जाळे हातांखाली असावे, हातांच्या आधी नसावे. चाक घसरल्यावर आवरणारे, सर्वांना समान, ओबडधोबड ट्रॅक्शन कंट्रोल ठेवावे. वळणागणिक जोर आधीच ठरवणारी, सुटताना गाडी धरणारी, पुढचे चाक दाबून ठेवणारी आज्ञावली काढून टाकावी. डूहानने १९९७ मध्ये जे मागितले त्यातला हा अर्धा भाग आहे. रेनीने गमावले त्याची आठवण ठेवून उरलेला अर्धा मी मागत नाही. तो रेनी २०२२ मध्ये इंग्लंडमधील गुडवूड येथे, हाताने गिअर बदलण्याची सोय केलेल्या आपल्या जुन्या यामाहावर पुन्हा एकदा बसला. एकोणतीस वर्षांनी. त्या गाडीवर त्याने मागून घेतलेल्या साह्याला ‘फसवणूक’ म्हणण्याचे धाडस कोणाला होत असेल तर त्याने माझ्याशी वाद घालू नये.

संगणक सर्वांना एकच असल्यामुळे हे अमलात आणणे आज अशक्य नाही. फॉर्म्युला वनने २००८ मध्ये सर्वांना समान संगणक देऊनच ट्रॅक्शन कंट्रोलवरची बंदी पाळून घेतली. त्याआधी बंदी होती तेव्हा कोण लपवून वापरतो हेच कळत नसे. मोटोजीपीसाठी मे २०२४ मध्ये जाहीर झालेल्या नियमांत २०२७ च्या हंगामापासून इंजिन ८५० सी.सी.पर्यंत खाली येते, गाडी बुटकी करणाऱ्या कळांवर बंदी येते आणि हवेचा दाब वापरणारी पंखसदृश आवरणे आखूड होतात. कळ गेली हे उत्तम. परंतु आदल्या रात्री वळणागणिक जोर ठरवणाऱ्या त्या आज्ञावलीविषयी जाहीर झालेल्या मुख्य बदलांत एक अक्षर नाही, आणि ‘यंत्राने कसब गिळले’ म्हणणाऱ्यांपैकी कोणी तिचे नाव घेतल्याचेही मला आठवत नाही.